चेहऱ्याचे शुद्धलेखन
(अकोला येथे आपल्या समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या कार्यकारी मंडळाने यंदाच्या मेळाव्यात आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषयही मंडळानेच नेमून दिला : 'उतारवयातील आत्माविष्कार'. शब्द मोठा भारदस्त आहे. आम्ही मॅट्रिक होऊन अध्यापनाची पदविका घेतली, अमरावती जिल्ह्यातील प्राथमिक शाळांतून पस्तीस वर्षांहून अधिक काळ मुलांना बाराखडी आणि पाढे शिकविले व २०१७ साली निवृत्त झालो. आत्मा आणि त्याचा आविष्कार यांविषयी अधिकारवाणीने बोलावे असे आमच्या गाठी काही नाही. परंतु गेली सहा वर्षे आम्ही पेस्टलच्या खडूंनी माणसांचे चेहरे काढीत आहो ही वार्ता अमरावतीहून अकोल्यास पोचली, आणि तिच्यामुळेच हे निमंत्रण आले हे उघड आहे. तेव्हा आम्ही व्यासपीठावरून नव्हे, तर विद्यार्थ्याच्या बाकावरून बोलत आहो असे समजून ऐकावे.

प्रथम या खडूविषयी थोडे सांगणे अवश्य आहे, कारण पेस्टल म्हटले की आपल्या घरांतील मुलांस कॅम्लिनची तेलखडूंची पेटी आठवते. तो खडू मेणट, तेलकट, बोटास चिकटणारा. आम्ही म्हणतो तो कोरडा खडू. रंगाची बारीक पूड, तिला धरून ठेवण्यापुरता अगदी थोडा गोंद, आणि त्याची वळलेली कांडी, एवढाच त्याचा संसार. त्यात तेल नाही, आणि लावताना पाणीही लागत नाही. गोंद इतका थोडा की कागदावर उरतो तो जवळजवळ निखळ रंग. म्हणून तो तेलासारखा पिवळा पडत नाही, तडकत नाही, वाळण्याची वाट पाहावी लागत नाही. चहा आला म्हणून थांबावे, चहा झाला की पुढे चालू करावे. जो माणूस समोर बसला आहे त्यालाही हे सोयीचे पडते.

खडू आपल्या ज्ञातीस नवा नाही. ज्या घरांत शिलाई मशीन होती त्या प्रत्येक घरी तो चपटा, कडेला धार आलेला, निळा किंवा पांढरा खडू होता. कापडावर रेघ उमटते ती विणीच्या खडबडीतपणामुळे, आणि सॅटिनवर तो खडू कसा घसरतो हे येथे बसलेल्या निम्म्या मंडळींना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. कागदाचेही तसेच. त्यास लव हवी, खरखर हवी, तर तो रंग धरतो. गुळगुळीत कागदावर दोन थर बसले की तिसरा निसटू लागतो. कागद पांढरा न घेता राखी किंवा बदामी घ्यावा. मग तोच मधला रंग होतो, आणि आपणांस केवळ उजेड आणि सावली तेवढी द्यावयाची राहते. पांढऱ्या कागदावर मात्र निम्मा वेळ कागदाचा पांढरेपणा झाकण्यातच जातो.

आमच्या वऱ्हाडात या कामास दोन वैरी आहेत, ते येथेच सांगून टाकतो. पहिला वैरी पंखा. कोरड्या रंगाची भुकटी खाली पडते, ती पंख्याने घरभर होते आणि नाकात जाते. काही रंगांची भुकटी पोटात जाणे बरे नव्हे, म्हणून ती फुंकायची नाही, कागद उभा धरून हलकेच झटकायची. तोंडास फडके बांधायचे, जेवणापूर्वी हात धुवायचे, आणि लहान मुलांना जवळ येऊ द्यायचे नाही. दुसरा वैरी कूलर. चैत्र-वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांच्या पलीकडे जातो तेव्हा कूलरवाचून अकोल्यात कोणी बसू शकत नाही. परंतु त्याच्या ओल्या वाऱ्याने कागद सर्द होतो आणि खडू त्यावर चालेनासा होतो. म्हणून हे काम आम्ही कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचे ठरविले आहे. पूर्ण झालेले चित्र काचेखाली ठेवावे लागते, आणि तेही काच रंगास टेकणार नाही असे मध्ये अंतर राखून. रंग बसविण्याचा फवारा मिळतो, परंतु त्याने उजेडाच्या जागा मंदावतात. आम्ही तो सहसा वापरीत नाही.

आता मूळ विषयाकडे येतो.

आमच्या नोकरीत आम्ही चित्रे पुष्कळ काढली. प्राथमिक शिक्षकाला सर्वच विषय शिकवावे लागतात, आणि शाळेच्या भिंती कोणीतरी रंगवावयाच्याच असतात. जयंती आली की मूळ चित्रावर चौकोन आखावयाचे, फळ्यावर तेवढेच मोठे चौकोन आखावयाचे आणि एकेका चौकोनातील रेघ तिच्या जागी नेऊन ठेवायची. या रीतीने आम्ही लोकमान्य काढले, महात्माजी काढले, गाडगेबाबा तर किती वेळा काढले त्याची गणती नाही. बाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावास, पेढी नदीच्या परिसरात देह ठेवला. आमच्या जिल्ह्यातील शाळेत त्यांचे चित्र नाही असे सहसा होत नाही. मुले ती चित्रे पाहताक्षणी ओळखीत. परंतु ती काय पाहून ओळखीत? पगडी दिसली की लोकमान्य, गोल चष्मा दिसला की महात्माजी, खराटा आणि गाडगे दिसले की बाबा. चेहरा कसाही येवो, खराटा हातात असला की काम भागे. आपल्या घरातील आत्याबाईंच्या हाती मात्र असा खराटा नसतो. त्यांच्यापाशी केवळ चेहरा असतो, आणि तो साधला नाही तर त्यांस कोणी ओळखीत नाही.

नक्कल करणे वाईट असे आमचे म्हणणे नाही. आपल्या बुलढाण्यापलीकडे अजिंठ्याची लेणी आहेत. तेथील भिंतींवरच्या चित्रांच्या नकला करण्यासाठी रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्यास १८४४ साली नेमले गेले. त्याने वर्षानुवर्षे तेथे राहून केलेल्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत भस्म झाल्या. तो १८७९ साली वारला आणि त्याची कबर भुसावळास आहे. पुढे १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या ग्रिफिथ्स साहेबांनी विद्यार्थी घेऊन तेच काम पुन्हा तेरा वर्षे चालविले. त्या विद्यार्थ्यांत पेस्तनजी बोमनजी नावाचा एक तरुण पारशी होता. अजिंठ्याच्या अंधारात दुसऱ्याने काढलेल्या रेषांमागून ज्याने वर्षांमागून वर्षे आपला हात फिरविला, तोच पुढे पारशी घरांतील माणसांची व्यक्तिचित्रे काढण्यात नावाजला. नकलेने हात तयार होतो हे खरेच आहे. प्रश्न एवढाच, की तयार झालेल्या हाताने पुढे काय करावयाचे? आमचा हात थोडाबहुत तयार झाला होता. परंतु पस्तीस वर्षांत त्यास आमचे असे काही सांगावयाचे आहे काय हे कोणी विचारले नव्हते, आणि आम्हासही विचारण्याचे प्रयोजन पडले नव्हते.

निवृत्तीनंतर आमच्या मुलीने चोवीस कांड्यांची एक पेटी आणून दिली. त्या वेळी आत्माविष्कार या शब्दाची आम्हांस थोडी धास्तीच होती. वाङ्मयाच्या पुस्तकांत तो शब्द पुष्कळदा वाचलेला. कलावंताचे अंतःकरण भरून येते आणि तो ते ओततो, असे त्याचे वर्णन असे. आमचे अंतःकरण तर सकाळी दूध, दहा वाजता वर्तमानपत्र आणि संध्याकाळी अंबादेवीचे दर्शन एवढ्यावर शांत असे. ओतण्याजोगे त्यात काय आहे, असे वाटे.

हा उलगडा आम्हांस चित्रांच्या पुस्तकातून झाला नाही, शुद्धलेखनाच्या वह्यांतून झाला. आपणांपैकी जे शिक्षक आहेत त्यांस हे लगेच पटेल. वर्गात चाळीस मुले बसली आहेत. गुरुजी एकच उतारा सांगतात आणि चाळीसही मुले तोच लिहितात. कोणासही स्वतःचे काही लिहिण्याची मुभा नाही; काना-मात्रा इकडचा तिकडे होता कामा नये, हीच शिस्त. तरीही संध्याकाळी वह्यांचा गठ्ठा घरी आणला आणि नावे झाकून वही उघडली, तर ही कोणाची ते आम्ही न चुकता सांगत असू. एकाचा 'र' मागे रेलून बसलेला, एकीच्या वेलांट्या छत्रीसारख्या पसरलेल्या, एकाचे अक्षर ओळ संपता संपता खाली उतरणारे. चाळीसांपैकी एकानेही स्वतःस व्यक्त करण्याचा विचार केलेला नसतो. प्रत्येकाचे लक्ष एवढ्यावरच की गुरुजींनी सांगितलेला शब्द बरोबर उतरावा. आणि नेमके तसे असल्यामुळेच प्रत्येकाचे अक्षर त्याचे त्याचे राहते. जो मुलगा मुद्दाम ऐटदार अक्षर काढू लागतो, त्याची वही ओळखणे कठीण जाते, कारण ती ऐट त्याने दुसऱ्या कोणाची तरी उचललेली असते.

समोर बसलेला चेहरा हे आमच्या मते शुद्धलेखन आहे. तो सांगतो आणि आपण उतरवून घ्यायचे. आपले 'स्वत्व' त्यात कोठून येईल याची विवंचना करू नये. ते हातातून आपोआप गळते. कोरड्या खडूत तर ते विशेषच दिसते, कारण त्याची प्रत्येक रेघ कागदावर जशी पडली तशी राहते, ब्रशाने पुसल्यासारखी एकजीव होत नाही. नवशिक्यास बोटाने घासून सर्व गुळगुळीत करण्याचा मोह होतो. एक-दोन ठिकाणी घासणे योग्य. पण सर्वत्र घासले की मृगाच्या पहिल्या पावसानंतर काळ्या रानात जसा चिखल होतो तसा कागद होतो, आणि लिहिणाऱ्याचे अक्षरही त्यात बुडते.

हे सर्व आम्हांस उमगले ते येथेच, अकोल्यास, आमच्या अक्काच्या घरी.

अक्का आमच्याहून नऊ वर्षांनी मोठी. लग्न होऊन ती या गावी आली आणि यजमान लवकर गेल्यावर तिने मशीनवर बसून तीन मुले वाढविली. दुसऱ्या हिवाळ्यात आम्ही पेटी घेऊन तिच्याकडे आलो. तिने काम थांबवावे असे आम्ही म्हटले नाही आणि तिने थांबविलेही नसते. ती ओसरीवर काज-बटन करीत बसली आणि आम्ही समोर पाट घेऊन बसलो. दहा मिनिटांनी ती म्हणाली, "काहून रे भाऊ, असा टुकुटुकु काय पाहून रायला? माह्या तोंडाले काही लागलं काय?" आम्ही म्हटले, "तुझं तोंडच पाहून रायलो अक्का, दुसरं काय?" त्यावर ती हसली आणि पुन्हा सुईकडे वळली.

एखाद्या माणसाकडे पाऊण तास सलग पाहण्याचा प्रसंग आपल्या आयुष्यात फार क्वचित येतो. आपण बोलतो, जेवतो, भांडतो, परंतु पाहत नाही. तसे पाहणे असभ्यही मानले जाते. चित्राच्या निमित्ताने ती सवलत मिळते. डोके उभे मापले असता डोळे बरोबर मध्यावर येतात, वर नव्हेत. डोक्याच्या रुंदीत पाच डोळे मावतात. दोन डोळ्यांच्या मध्ये एका डोळ्याची जागा असते. हे नियम पुस्तकात आहेत, आणि ते बहुतेक माणसांस लागू पडतात. अक्काचा डावा डोळा मात्र नियमात बसेना. तो उजव्याहून बारीक, किंचित मिटलेला, आणि त्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात तीन सुरकुत्या एकत्र मिळालेल्या. प्रथम वाटले की उजेडाचा दोष असेल. मग ती सुईत दोरा ओवावयास लागली आणि उलगडा झाला. सुईचे नेढे उजेडाकडे धरून ती डावा डोळा मिटून घेत असे. पन्नास वर्षांच्या सवयीने त्या डोळ्याने ती ठेवणच धारण केली होती.

आणि तोच डोळा आमच्या वडिलांचा होता.

आमचे वडील अमरावतीस शिलाईचे दुकान चालवीत. ते गेले तेव्हा आम्ही अकरा वर्षांचे होतो. त्यांचे स्वतंत्र छायाचित्र घरात नाही. एका लग्नातील समुदायाच्या चित्रात ते मागच्या रांगेत उभे आहेत आणि त्यांचा चेहरा तुरीच्या दाण्याएवढा आहे. त्यांचा आवाज आम्हांस आठवतो, मापाची फीत गळ्यात टाकण्याची लकब आठवते, परंतु चेहरा म्हणून डोळ्यांपुढे काही उभे राहत नसे. तो त्या दिवशी अक्काच्या सुईमागे उभा राहिला. दुसरा कोणी चित्रकार तेथे बसला असता तर त्याने तो डोळा कदाचित सारखा करून घेतला असता, किंवा तिच्या कपाळावरचे आणि हनुवटीवरचे हिरवे गोंदण मुख्य धरून चित्र केले असते, आणि ते आमच्या चित्राहून सरसही ठरले असते. आम्ही मात्र सर्व चित्र त्या बारीक डोळ्याभोवती बांधले. आत्माविष्कार आत्माविष्कार म्हणतात तो आमच्यापुरता एवढाच : चेहरा तिचा, पण त्यातील कोणत्या ओळीखाली रेघ ओढावी हे आमच्या अकराव्या वर्षाने ठरविले.

रंगाचा प्रश्न त्याहून अवघड निघाला. आमच्या पेटीत एक फिकट गुलाबी कांडी आहे. कातडीचा रंग म्हणून ती ठेवण्याची चाल विलायतेतून आलेली दिसते. तसा मनुष्य आम्ही वऱ्हाडात पाहिलेला नाही. आपल्या वधू-वर सूचीत प्रत्येक स्थळ 'गहूवर्णी' असते हे आपण जाणताच. पण शरबती गहू निराळा, बन्सी निराळा, खपली निराळा, आणि तिन्ही पोळपाटावर एका रंगाचे दिसत नाहीत. अक्काच्या गालास आम्हांस गेरू लागला, काव लागली, सावलीत थोडी नीळ आणि हनुवटीखाली गडद हिरवाही लागला. उजेड पडतो तेथे हळदीसारखा पिवळा, आणि तोही टेकविल्यासारखा, घासून नव्हे. काळा खडू आम्ही केसांतदेखील वापरला नाही. सावली काळी नसते ही गोष्ट पुस्तकात वाचून पटत नाही; ओसरीवर बसून सावलीकडे पाहिले की पटते.

चित्र झाल्यावर आमच्या भाच्याने ते उचलून उजेडात धरले. तो भला मुलगा आहे, काळजीच्या सुरात म्हणाला, "मामा, चांगलं जमलं, पण आईले थोडी उजळ करा नं. हॉलमधी लावाचं आहे." छायाचित्रकाराकडे मोठे करावयास टाकलेला फोटो चेहऱ्यावरील रेषा पुसून गोरा होऊन येतो, त्या रीतीस आपली घरे सरावलेली आहेत, त्यात त्याचा दोष नाही. आम्ही काही बोलण्यापूर्वी अक्काच म्हणाली, "उजळ कायले? इतके वर्सं उन्हात गेली, आता उजळ कुठून होऊ?" मग तिने चित्र हातात घेतले, लांब धरले, जवळ धरले, आणि पुष्कळ वेळाने म्हणाली, "हा तं बाबाचा डोया आहे रे." आम्ही तिला काहीही सांगितले नव्हते.

ते चित्र तिच्या दिवाणखान्यात तसेच लागले आहे. चित्रकलेच्या दृष्टीने त्यात उणिवा आहेत. कान वर गेला आहे आणि मानेचा भाग घाईत उरकलेला दिसतो.

जगात या माध्यमाचे मोठमोठे धनी होऊन गेले, त्यांपैकी दोघांविषयी सांगितल्यावाचून राहवत नाही. व्हेनिस शहरी रोझाल्बा कारिएरा नावाची स्त्री १६७३ साली जन्मली. तिची आई लेस विणण्याचे काम करी, म्हणजे सुईदोऱ्याचेच घर. या कोरड्या खडूंनी ती माणसांचे चेहरे असे काढू लागली की १७२० साली ती पॅरिसला गेली तेव्हा तेथील राजमान्य कला-अकादमीने तिला सभासद करून घेतले, आणि तेही स्त्रियांना असल्या ठिकाणी क्वचितच प्रवेश असता. दुसरा शार्दँ. हा पॅरिसच्या एका सुतारकारागिराचा मुलगा, जन्म १६९९ चा. जन्मभर त्याने तैलरंगांत तांब्याची भांडी, सुरया, अंडी, कांदे, स्वयंपाकघरातील बायामाणसे अशी चित्रे काढली. सत्तरीच्या सुमारास दृष्टी अधू झाली आणि तैलरंग सोसेनासे झाले, तेव्हा त्या वयात त्याने पेस्टलचे खडू हाती घेतले. १७७१ साली त्याने स्वतःचे चित्र काढले त्यात डोक्यास फडके बांधलेले आहे आणि नाकावर चष्मा आहे. १७७५ सालच्या दुसऱ्या चित्रात कपाळावर उजेड अडविणारी झापड आहे. त्याच वर्षी त्याने आपल्या पत्नीचेही चित्र काढले. ही चित्रे पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत. आम्ही ती छापील पाहिली, तेव्हा प्रथम वाटले की हा तर आमच्या दर्यापूरच्या बाजारात दुपट्टा बांधून बसलेला म्हातारा आहे. ऐटीत बसण्याचा सर्व अवसर असता या मनुष्याने स्वतःकडेही चष्म्यातून, तपासून घेतल्यासारखे पाहिले.

घरचीच माणसे समोर बसवावीत याविषयी आपल्याकडील दाखला द्यावयाचा तर सावळाराम हळदणकरांचा. हातात निरांजन घेतलेल्या तरुणीचे त्यांचे चित्र आपण कोठे ना कोठे छापलेले पाहिलेच असेल. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचे समजतात. ते हळदणकरांनी १९४५-४६ च्या सुमारास जलरंगांत काढले आणि त्यासाठी त्यांची स्वतःची कन्या उभी राहिली होती. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात ते आहे.

आता एका नाजूक गोष्टीस हात घालतो. अक्काच्या चित्राची वार्ता पसरल्यापासून समाजातील काही मंडळी आमच्याकडे दिवंगत आईवडिलांची छायाचित्रे घेऊन येतात. शिधापत्रिकेवरचे, मतदान-ओळखपत्रावरचे, कधी पुसट झालेले. आणि त्यावरून मोठे चित्र करून द्यावे अशी विनंती करतात. त्यांची कळकळ आम्ही ओळखतो. आमच्याही घरी तुरीच्या दाण्याएवढा तो चेहरा आहेच. तथापि आम्ही नम्रपणे नकार देतो, आणि तो का, हे आज सर्वांसमक्ष सांगणे बरे. छायाचित्रात उतारा दुसऱ्याने आधीच उतरवून घेतलेला असतो. उजेड त्याचा, क्षण त्याचा, आणि ओळखपत्राच्या बाबतीत तर घाईही त्याचीच. त्यावरून आम्ही करू ती चौकोनांची नक्कल होईल, शाळेच्या भिंतीवर केली तशी. नाक जागच्या जागी येईल, परंतु 'हा तं बाबाचा डोया' असे म्हणण्याजोगे त्यात काही यावयाचे नाही. संत नामदेवरायांचे त्यांच्या काळचे एकही चित्र नाही. आपण पूजतो ते प्रत्येक चित्र पुढच्या काळातील चित्रकारांनी भक्तीने कल्पिलेले आहे, आणि देवघरास ते शोभते. पण आजीच्या बाबतीत कल्पनेवर येण्याचे कारण काय? आज या सभागृहात पुढच्या तीन रांगांत ज्या वृद्ध माताभगिनी बसल्या आहेत, त्यांपैकी किती जणींचे लग्नानंतरचे एकटीचे चित्र घरात असेल? हा प्रश्न आम्ही त्यांच्या मुलांना आणि सुनांना विचारीत आहो. या सहा वर्षांत आम्ही एकतीस चेहरे काढले. त्यांतील चार माणसे आज नाहीत.

आणखी एक निरीक्षण सांगतो. अक्काच्या घरी आम्ही चित्र काढीत होतो तेव्हा तिचा नऊ वर्षांचा नातू शेजारी तेलखडू घेऊन बसला होता. त्यानेही आजी काढली. त्याच्या चित्रात आजी कागदाच्या एका कोपऱ्यात होती आणि मशीनचे चाक कागदभर होते. आम्ही त्यास कारण विचारले, तर म्हणाला, "आजी आली का नाही, हे मले चाकाच्या आवाजानंच समजते." उतारा एक, वह्या दोन. त्याचे चित्र आम्ही मागून घेतले आणि ते आमच्या अमरावतीच्या घरी लावले आहे.

ज्यांना हे शिकण्याची इच्छा असेल त्यांनी चोवीस कांड्यांहून मोठी पेटी प्रथम घेऊ नये आणि रंगांआधी एक महिना केवळ कोळशाने उजेड-सावलीचा सराव करावा. उत्तरेची खिडकी मिळाल्यास उत्तम, कारण तिचा उजेड दिवसभर फारसा फिरत नाही. आमच्या घरी तशी एक खिडकी आहे. कार्तिकापासून होळीपर्यंत दर रविवारी सकाळी आठ ते दहा आम्ही तेथे बसतो. ज्यांस आपल्या घरातील वडीलधाऱ्यांचा चेहरा काढवून घ्यावयाचा आहे त्यांनी त्यांस घेऊन यावे. रोजच्या लुगड्यात आणावे, पावडर लावू नये, चष्मा असेल तर तो राहू द्यावा, आणि बोलावयास कोणी सोबत असावे, कारण गप्प बसविलेला चेहरा लवकर थकतो. मोबदला काही नाही. काच आणि चौकट तेवढी ज्याची त्याने करून घ्यावी. अकोलेकरांनी अमरावतीपर्यंत येण्याची तसदी घेण्याचे कारण नाही. महिन्यातून एकदा आम्ही अक्काकडे येतोच. तिच्या ओसरीवर सकाळी उजेड चांगला असतो, फक्त मशीन थोडी भिंतीकडे सरकवावी लागते.